धूर म्हणजे चव नव्हे

जानेवारीच्या मध्यावर शिकागो शहराच्या उपनगरांतून फेरफटका मारला, तर घरोघरीच्या परसात एक वस्तू बर्फाखाली अर्धी गाडली गेलेली दिसते. ती म्हणजे घुमटासारख्या झाकणाची, तीन पायांची कोळशाची शेगडी. उन्हाळाभर तिच्या जाळीवर मांसाचे जाड काप भाजले जातात आणि त्यांचा खमंग वास शेजारच्या चार घरांना आमंत्रण देत असतो. नोव्हेंबर उजाडला, पारा शून्याखाली गेला की ही शेगडी थंडावते आणि तो सारा खटाटोप स्वयंपाकघरात येतो. तेथे मात्र घडते ते निराळेच. तवा तापतो, मांसाचा काप त्यावर पडतो, आणि पाच मिनिटांत निळसर धुराने घर भरून जाते. छतावरची धोक्याची घंटा किंचाळू लागते. कोणी तरी पंचा घेऊन तिच्याखाली वारा घालू लागतो. नाइलाजाने खिडकी उघडली की उणे दहा अंशांचा वारा घरात घुसतो. एवढे करून ताटात जो काप येतो तो बाहेरून करपलेला, कडेला राखाडी पडलेला आणि मध्ये कच्चा असतो!

वरवर पाहता हा एक गमतीचा घरगुती प्रसंग आहे. तथापि त्याच्या तळाशी गेले असता तीन गंभीर प्रश्न हाती लागतात. चव नेमकी कशातून निर्माण होते, हा पहिला प्रश्न रसायनशास्त्राचा. थोर शास्त्रज्ञाने एकदा सांगितलेली चुकीची गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षे कशी टिकते, हा दुसरा प्रश्न ज्ञानव्यवहाराचा. आणि दारे-खिडक्या बंद असलेल्या घरात चुलीपुढे उभे राहणारे माणूस श्वासावाटे काय आत घेते, हा तिसरा प्रश्न सरळ जगण्या-मरण्याचा.

‘स्टेक’ या पदार्थाशी मराठी वाचकाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध थोडाच आहे, हे मान्य केले पाहिजे. बहुसंख्य मराठी घरांत हा पदार्थ शिजत नाही. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. तेव्हा हा पदार्थ अमेरिकेचा आहे आणि तो तेथेच राहू द्यावा. परंतु तवा सर्वांचा आहे, खरपूसपणा सर्वांचा आहे आणि धूर तर त्याहूनही अधिक सार्वत्रिक आहे. शिकागोत वा टोरंटोत राहणाऱ्या मराठी कुटुंबाची सुक्या मिरचीची फोडणी भर हिवाळ्यात तीच घंटा वाजविते, आणि तेथेही कोणाला तरी पंचा घेऊन धावावे लागते.

परसातली शेगडी

अमेरिकन माणसाच्या मनात स्टेक आणि उघड्यावरचा विस्तव यांचे जे अतूट नाते आहे, ते वाटते तितके पुरातन नाही. त्याच्या आजच्या रूपाला यंत्रयुगाने आकार दिला. १९२० च्या दशकात हेन्री फोर्ड यांच्या मोटारींसाठी मिशिगन राज्यात लाकूड कापले जाई. त्याच्या वाया जाणाऱ्या भुशाचे आणि तुकड्यांचे काय करावे, या विवंचनेतून दाबून बनविलेल्या कोळशाच्या वड्या जन्माला आल्या आणि मोटारविक्रेत्यांच्याच दुकानांतून विकल्या जाऊ लागल्या. पुढे १९५२ मध्ये जॉर्ज स्टीफन या शिकागोजवळच्या गृहस्थाने, तो काम करीत असलेल्या ‘वेबर ब्रदर्स’ या धातुकामाच्या कारखान्यात, पाण्यावर तरंगत्या खुणांसाठी तयार होणारा धातूचा पोकळ गोल मधोमध कापला. खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरच्या अर्ध्याला मूठ लावली आणि वारा-पावसाला दाद न देणारी झाकणाची शेगडी सिद्ध झाली. युद्धोत्तर काळात उपनगरे वाढली, प्रत्येक घराला परस मिळाले आणि या शेगडीला सुगीचे दिवस आले.

तिच्यावर भाजलेल्या मांसाला जी विशिष्ट चव येते, तिचे मूळ निखाऱ्यांवर ठिबकणाऱ्या चरबीत आहे. चरबी निखाऱ्यावर पडते, तिचे ज्वलन अर्धवट होते आणि त्या धुरातील द्रव्ये पुन्हा वर जाऊन मांसावर बसतात. उघड्या आकाशाखाली हा धूर वाऱ्याबरोबर निघून जातो. पण त्यामुळे एक गैरसमज मात्र पक्का झाला. तो असा की, जेथे धूर तेथे चव. आणि घरात तशी चव हवी असेल, तर घरातही तसाच धूर झाला पाहिजे. वस्तुतः घरातल्या तव्यावर चरबी निखाऱ्यावर ठिबकतच नाही. तेथे होणारा धूर हा बव्हंशी जळलेल्या तेलाचा असतो. तो मांसाला कडवटपणा देतो आणि माणसाला ठसका देतो. चव देत नाही.

लीबिगची चूक

मग घरातला स्टेक धगधगत्या तव्यावर अगदी आरंभीच का टाकतात? याचे उत्तर पाकशास्त्राची पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाक्यात देत आली: ‘बाहेरचा भाग चटकन भाजला की मांसाची छिद्रे बंद होतात आणि रस आत कोंडला जातो.’ या समजुतीमागे एका फार मोठ्या शास्त्रज्ञाचे नाव आहे. युस्टुस फॉन लीबिग (१८०३-१८७३) हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ आपल्या विद्यार्थ्यांना अपरिचित नाहीत. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील ऊर्ध्वपातनाच्या काचेच्या नळीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे आणि कृषिरसायनाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. १८४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मांसाच्या रसायनावरील ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, मांस आरंभीच तीव्र उष्णतेत घातल्यास पृष्ठभागावरील प्रथिने साकळून एक कवच तयार होते आणि ते आतील रस बाहेर जाऊ देत नाही.

विचार तर्काला पटण्याजोगा होता. नावही दिगंत कीर्तीचे होते. मग काय, युरोपातील गृहिणी, आचारी आणि पुस्तककर्ते यांनी तो शिरोधार्य मानला. १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑग्यूस्त एस्कोफिए यांच्या विख्यात पाकग्रंथानेही त्याची री ओढली. लीबिगपूर्वीच्या काळी मोठे मांस विस्तवापासून दूर ठेवून सावकाश भाजावे आणि अखेरीस जवळ आणून त्याला रंग आणावा, अशी रीत होती. ती अडाणीपणाची ठरून मागे पडली.

प्रत्यक्षात ते कवच रस कोंडतच नाही. ते पडताळून पाहण्यास फार मोठी सामग्री लागत नाही. एक तराजू पुरतो. एकसारखे दोन तुकडे घ्यावेत, एकाला आधी तीव्र आच द्यावी, दुसऱ्याला देऊ नये, आतील तापमान सारखे होईपर्यंत दोन्ही शिजवावेत आणि वजन करावे. १९३० च्या दशकात अमेरिकेतील गृहविज्ञानाच्या अभ्यासकांनी असे प्रयोग केले, तेव्हा आधी भाजलेल्या मांसातील रस कमी गळतो असे आढळले नाही. उलट तो काकणभर अधिकच गळतो असे दिसले. किंबहुना तराजूचीही गरज नाही. तव्यावर मांस टाकल्यानंतर जो चरचर आवाज चालू राहतो, तो आतून येणाऱ्या पाण्याची क्षणाक्षणाला वाफ होत असल्याचाच आवाज आहे. कवच अभेद्य असते, तर तो आवाज थांबावयास हवा होता. तो थांबत नाही, हे प्रत्येक स्वयंपाक्याने रोज ऐकले. पण त्याचा अर्थ लावण्याचे धाडस कोणी केले नाही. १९८४ मध्ये हॅरल्ड मॅगी या अमेरिकन लेखकाने अन्नाच्या विज्ञानावरील आपल्या ग्रंथात या समजुतीचा साधार समाचार घेतला, तेव्हा कोठे जाणत्या वर्तुळांत तिला धक्का बसला. सर्वसामान्य स्वयंपाकघरांतून ती आजही पुरती हद्दपार झालेली नाही.

शिक्षकांनी मनन करावे अशी ही कथा आहे. लीबिग लबाड नव्हते, त्यांची बुद्धीही उणी नव्हती. चूक त्यांची होती त्याहून अधिक ती त्यांच्यामागून चालणाऱ्यांची होती. विज्ञानाचे मोठेपण शास्त्रज्ञाच्या नावात नसून पडताळ्यात आहे, हे आपण वर्गात सांगतो; आणि घरी येऊन नावापुढे मान तुकवितो. शिजत असलेले मांस सर्वांसमोर चरचरत होते. ऐकणारा कान मात्र ग्रंथाकडे लागलेला होता.

खरपूसपणाचे रहस्य

रस कोंडला जात नाही, मग भाजावयाचे कशाला? भाजावयाचे ते चवीसाठी. आणि ही चव कशातून येते, याचा शोध एका फ्रेंच वैद्यकीय रसायनशास्त्रज्ञाला भलतेच काही शोधत असताना लागला. लुई कामीय माय्यार यांना सजीव पेशींत प्रथिने कशी घडत असतील, याची जिज्ञासा होती. १९१२ मध्ये त्यांनी अमिनो आम्ले आणि शर्करा एकत्र तापवून पाहिल्या. मिश्रण पिवळे पडले, मग तपकिरी झाले. ज्या क्रियेला पुढे त्यांचे नाव मिळाले, ती स्वयंपाकघरातील बहुतेक साऱ्या खमंग वासांची जननी आहे, हे ध्यानात यावयास बराच काळ जावा लागला. अमेरिकन कृषिखात्याच्या प्रयोगशाळेतील जॉन हॉज यांनी १९५३ मध्ये या क्रियेच्या टप्प्यांचा सुसूत्र आराखडा मांडला.

मराठी भाषेला या क्रियेची ओळख फार जुनी आहे. ‘खरपूस’ या एका शब्दात माय्यार यांचे सारे रसायन सामावले आहे. भाकरीचा पापुद्रा, थालिपिठाची भाजणी, भाजलेला रवा, शेंगदाणे, वाटणासाठी परतलेला कांदा, या साऱ्यांचा जो वास घरभर दरवळतो तो याच क्रियेचा. ‘खरपूस’ आणि ‘करपट’ या दोन शब्दांतले अंतर जिला कळते, ती गृहिणी शर्करा आणि अमिनो आम्लांचे नाव न घेताही उत्तम रसायनशास्त्रज्ञ असते.

या क्रियेची एक अट मात्र काटेकोर आहे. ती वेगाने चालावयाची तर पृष्ठभागाचे तापमान १४० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर जावे लागते. आणि जोवर पृष्ठभागावर पाणी आहे, तोवर ते १०० अंशांच्या फारसे पुढे जात नाही. एक ग्रॅम पाणी २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ८० उष्मांक लागतात. पण त्याच एका ग्रॅमची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० लागतात. ही सुप्त उष्णता शाळेतला प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. ओला काप तव्यावर टाकला की तव्याची सारी धग ही वाफ करण्यात खर्ची पडते, मांस भाजण्याऐवजी उकडू लागते, आणि मग माणूस घाबरून आच वाढवितो. तेल जळते ते येथे. म्हणजे धुराचे खरे कारण आगीत नसून पाण्यात आहे!

उपाय साधा आहे. काप कोरडा करावा. त्याला आदल्या रात्री मीठ चोळून, जाळीवर ठेवून, उघडाच शीतकपाटात ठेवला तर मीठ प्रथम पाणी बाहेर ओढते. त्या पाण्यात ते विरघळते. मग ते खारे पाणी हळूहळू पुन्हा आत शिरते आणि पृष्ठभाग सुकतो. सवड नसेल तर मीठ अगदी तव्यावर टाकण्यापूर्वी लावावे. मीठ लावून दहा-पंधरा मिनिटांनी मांस भाजणे हा सर्वांत वाईट मार्ग, कारण तेव्हा सारे पाणी वर आलेले असते.

रम्फर्डचा विसरलेला मटणाचा खांदा

घरातल्या स्टेकचा दुसरा अर्धा प्रश्न आतल्या भागाचा. बाहेर दोनशे अंश हवेत आणि आत मात्र पंचावन्न-साठच हवेत, अशी ही कसरत आहे. मांसातील लाल रंगद्रव्य, ज्याला अनेक जण रक्त समजतात ते मायोग्लोबिन, साठ अंशांच्या पुढे आपला रंग सोडू लागते. सत्तरच्या सुमारास तंतू आकसून पाणी पिळून टाकतात आणि मांस चामट होते. सुरुवातीपासून तीव्र आच दिली, तर मध्यभागी ऊब पोहोचेपर्यंत बाहेरचा थर केव्हाच वाळून गेलेला असतो. काप जितका जाड, तितकी ही अडचण अधिक. कारण जाडी दुप्पट झाली की उष्णता आत झिरपण्यास दुप्पट नव्हे, सुमारे चौपट वेळ लागतो.

या कोड्याचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वी एका चुकीतून सापडले होते. बेंजामिन टॉम्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड (१७५३-१८१४) यांना भौतिकशास्त्राचे विद्यार्थी तोफेच्या नळीमुळे ओळखतात. ती पोखरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरून, उष्णता हा पदार्थ नसून गती आहे, हे त्यांनी १७९८ मध्ये मांडले. या गृहस्थांना स्वयंपाकघराचेही तितकेच वेड होते. लंडनमधील धूर ओकणाऱ्या शेकोट्यांची धुराडी कशी बांधावीत यावर त्यांनी निबंध लिहिला आणि शेकडो घरांचा धूर घालविला. बटाटे वाळविण्याच्या एका यंत्रात मांस भाजता येईल काय, हे पाहण्यासाठी त्यांनी एकदा मेंढीचा खांदा त्यात ठेवला. तीन तास झाले, मांस शिजले नाही. प्रयोग फसला असे समजून त्यांनी तो मोलकरणींच्या स्वाधीन केला. रात्र झाली होती. त्यांनी तो तसाच यंत्रात राहू दिला. सकाळी पाहतात तो मांस नुसते शिजलेलेच नव्हते, तर असाधारण मऊ आणि चवदार झाले होते!

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेतील घरगुती स्वयंपाक्यांनी जी रीत उचलून धरली आहे, ती रम्फर्डच्या त्या विसरलेल्या खांद्याचीच नवी आवृत्ती आहे. चार सेंटिमीटर जाडीचा काप आधी भट्टीत ११० ते १२० अंशांच्या मंद उबेत ठेवावयाचा. आतील तापमान पन्नासच्या आसपास आले की बाहेर काढावयाचा. एव्हाना पृष्ठभाग पुरता सुकलेला असतो. मग चांगल्या तापलेल्या बिडाच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी जेमतेम एकेक मिनिट. पाणी उरलेलेच नसल्याने खरपूस पापुद्रा तत्काळ धरतो. ज्या कामाला पूर्वी दहा मिनिटांची धग आणि घरभर धूर लागे, ते दोन मिनिटांत उरकते. आधी मंद, शेवटी तीव्र: लीबिगपूर्वीच्या ‘अडाणी’ आचाऱ्यांची रीत अशा प्रकारे पुन्हा स्वगृही परतली आहे.

बिडाच्या तव्याचे महत्त्व त्याच्या जडपणात आहे. बीड हे तांब्यासारखे चपळ उष्णतावाहक नाही. पण त्याच्या वजनात उष्णतेचा साठा राहतो आणि थंड मांस पडले तरी तो खचत नाही. स्नेहाची निवडही महत्त्वाची. लोण्यातील दुधाचे घटक १७५ अंशांच्या आतबाहेर जळू लागतात. म्हणून लोणी, ठेचलेला लसूण आणि सुगंधी पाला अगदी अखेरीस घालतात. हेच घटक कढवून गाळून टाकले की जे उरते ते आपले साजूक तूप, आणि ते २५० अंशांच्या आसपासपर्यंत धूर करीत नाही. पाश्चात्त्य स्वयंपाकी आज तुपाची बरणी शोधू लागले आहेत, यात नवल नाही. आरोग्याचा इशारा मात्र विसरता कामा नये. अमेरिकन कृषिखाते अखंड कापासाठी ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटांचा विसावा, तर खिम्यासाठी ७१ अंश ही मर्यादा सांगते. अखंड कापाचे जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात. खिम्यात ते सर्वत्र मिसळतात, हे त्यामागचे कारण.

बंद खिडक्यांमागे

येथवरचा विषय चवीचा झाला. पण थंडीतल्या स्वयंपाकाची खरी किंमत ताटात नव्हे, फुप्फुसात मोजावी लागते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर थंड देशांतील घरे अधिकाधिक हवाबंद बांधली जाऊ लागली. इंधन वाचले, पण आतली हवा आतच राहिली. जून २०१८ मध्ये टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे अनेक विद्यापीठांच्या संशोधकांनी एका प्रायोगिक घरात महिनाभर रोजचे स्वयंपाक करून हवेची तपासणी केली. सणाचे साग्रसंगीत जेवण रांधले गेले त्या दिवशी, घरातील सूक्ष्म कणांचे प्रमाण जगातील अतिप्रदूषित शहरांच्या पंक्तीला जाऊन बसले. रस्त्यावरच्या धुराला माणूस नाक मुरडतो. स्वयंपाकघरातल्या धुराला तो खमंग म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांची चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली आहे. उच्च तापमानावर तळण्यातून निघणाऱ्या धुराचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात केलेला आहे.

उपाय येथेही अवघड नाहीत. चुलीवरचा पंखा हवा बाहेर सोडणारा आहे की जाळीतून गाळून ती पुन्हा खोलीतच सोडणारा, हे पाहावे. दुसऱ्या प्रकारचा उपयोग बेताचाच. तो तवा ठेवण्यापूर्वी चालू करावा आणि नंतरही काही वेळ चालू ठेवावा. भिंतीकडच्या, मागच्या चुलीवर तवा ठेवल्यास धूर अधिक ओढला जातो. आणि खिडकी चार बोटे उघडावी. थोडी ऊब जाईल. पण ती परत मिळविता येते.

याहून भयंकर गोष्ट आहे ती परसातली शेगडीच घरात आणण्याची. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच टेक्सास राज्यावर अभूतपूर्व हिमवादळ कोसळले. लक्षावधी घरांची वीज गेली. थंडीने काकडलेल्या कुटुंबांनी कोळशाच्या शेगड्या घरात ओढल्या, काहींनी बंद आवारात जनित्रे आणि मोटारी चालू ठेवल्या. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने हजाराहून अधिक लोकांना रुग्णालये गाठावी लागली आणि काहींनी प्राण गमावले. हा वायू रंगहीन आणि गंधहीन आहे. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. धूर निदान डोळ्यांना झोंबतो, हा तेवढीही पूर्वसूचना देत नाही. निखारे धुमसत नाहीत, लालबुंद झाले आहेत, म्हणजे आता भय नाही, अशी समजूत असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. विख्यात फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांचा अंत १९०२ च्या सप्टेंबरात पॅरिसमध्ये झाला तो याच वायूने. शयनगृहातल्या शेकोटीचे धुराडे तुंबलेले होते. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली कुटुंबे सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर येतात आणि विसरल्या जातात.

घंटा नसलेली घरे

शिकागोच्या धुरापासून निघालेली ही वाट अखेर आपल्याच चुलीशी येऊन पोहोचते. १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातमधील खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांच्या श्वासातील धूर मोजला, तेव्हा जगाला प्रथम कळले की प्रदूषणाचे सर्वांत घनदाट ठिकाण कारखान्याचे धुरांडे नसून स्वयंपाकघर आहे. त्यानंतर सुधारलेल्या चुलींच्या योजना आल्या. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेने कोट्यवधी घरांत गॅसची जोडणी पोहोचविली. हे काम मोठे आहे यात शंका नाही. पण जोडणी मिळणे आणि सिलिंडर पुन्हा भरून आणणे परवडणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. आणि ज्या घरात दुसरी जमत नाही, तेथे सिलिंडर कोपऱ्यात राहतो आणि सरपण पेटते. घरगुती धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे अकाली मृत्युमुखी पडली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

‘चुलीवरच्या भाकरीची चव गॅसला नाही,’ असे शहरातला पाहुणा गावी जाऊन कौतुकाने म्हणतो. भाकरीच्या चवीत तव्याचा, पिठाचा आणि थापणाऱ्या हातांचा वाटा किती, निखाऱ्यावर फुगलेल्या पापुद्र्याचा किती आणि धुराचा किती, हे तो कधी तपासून पाहत नाही. लीबिगच्या कवचासारखीच हीही एक पडताळा न पाहिलेली समजूत आहे. फरक एवढाच की लीबिगच्या चुकीने मांस थोडे कोरडे झाले. या चुकीने पिढ्यान्‌पिढ्या डोळे आणि फुप्फुसे खर्ची पडली, आणि ती कौतुक करणाराची नव्हती.

शिकागोतल्या घरात तव्याचा धूर वाढला की छतावरची घंटा वाजते, माणसे धावतात, खिडकी उघडते, आणि दुसऱ्या दिवशी धूर कमी कसा करावा याचा विचार सुरू होतो. ज्या घरांच्या भिंती धुराने काळ्या पडल्या आहेत, तेथे अशी घंटा नाही. तेथे खोकला आहे. पण तो रोजचाच, म्हणून कोणी ऐकत नाही.